ब्रेस्ट इम्प्लांट : बहिणीसाठी विचारतेय. घाबरवू नका, पण गोड गोडही बोलू नका

रातराणी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

धाकट्या बहिणीचा उजवा स्तन काढून आठ महिने झाले. वय ४१. केमो झाली, रेडिएशन लागलं नाही. आता प्लास्टिक सर्जन म्हणतात, पुनर्रचना करून घ्या. आधी एक्स्पांडर, म्हणजे फुग्यासारखी पिशवी आत बसवायची, तिच्यात थोडं थोडं सलाइन भरत कातडी ताणायची आणि काही महिन्यांनी ती काढून सिलिकॉनचं इम्प्लांट घालायचं. बहिणीचं मन आहे. खाली वाकलं की ब्रामधलं पॅड सरकतं आणि मग चारचौघांत ते हळूच जागेवर ढकलायचं, याला ती विटलीये.

सर्जनना विचारलं, "सुरक्षित असतात ना?" ते म्हणाले, "हो हो, आताची खूपच चांगली असतात." झालं, त्या "आताची"मध्ये माझा पाय अडकला. म्हणजे आधीची नव्हती? आणि "आताची" म्हणजे कधीपासूनची? गेले पंधरा दिवस रात्र रात्र जालावर वाचतेय. एका पानावर "लाखो बायकांनी बसवलीयेत, काही होत नाही", दुसऱ्या पानावर "विष आहे, आजच्या आज काढा". मधलं कुणी बोलतच नाही.

नेमकं काय होऊ शकतं, कितीजणींना होतं आणि पुढे काय काय बघत राहायचं, एवढंच हवंय. स्वतःचा किंवा घरातला अनुभव असेल तर जरूर लिहा. "तिला या वयात कशाला हवंय" छापाचे प्रतिसाद नकोत, ते घरात भरपूर मिळालेत.

शंकासुर

हवंय की नकोय हे मी विचारतच नाहीये. पण अमेरिकेत १९९२ साली सिलिकॉनच्या इम्प्लांटवर निर्बंध आले होते आणि ते उठले २००६ ला. मधल्या चौदा वर्षांत सिलिकॉन बदललं, की वकील थकले? एकदा बाजारातून काढलेली वस्तू परत आली तर मी तरी दहादा विचार करीन.

तिरपागडा

शंकासुर, वकील थकले नाहीत, उलट त्यांचीच चांदी झाली. पण गोष्ट जरा लांबची आहे.

पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ साली ह्यूस्टनमध्ये बसलं. सर्जन होते क्रोनिन आणि जेरो, माल डाऊ कॉर्निंग कंपनीचा. ज्या बाईंना बसवलं त्या टिमी जीन लिंडसे दवाखान्यात गेल्या होत्या छातीवरचं गोंदण काढून घ्यायला! डॉक्टरांनी विचारलं, हे करून बघता का? त्या म्हणाल्या, मग माझे पुढे आलेले कानही मागे करून द्या. असा सौदा. तेव्हा अमेरिकेत अशा उपकरणांना बाजारात येण्याआधी पुरावा द्यावाच लागत नसे. तो कायदा आला १९७६ साली, तोवर पहिलं इम्प्लांट बसून चौदा वर्षं झाली होती, आणि जुन्या मालाला तसंच चालू ठेवण्याची मुभा मिळाली.

१९९२ साली एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, काय म्हटलं ते नीट वाचलं पाहिजे. "घातक ठरलं म्हणून बंद" असं नव्हे, तर "सुरक्षित असल्याचा पुरावा कंपन्यांनी दिला नाही म्हणून बंद". तेसुद्धा फक्त हौशीने आकार वाढवण्यासाठी. कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेसाठी अभ्यासाच्या चौकटीत ती मिळतच होती. म्हणजे धाग्याकर्तीची बहीण तेव्हा असती तरी तिला मिळालं असतं. पण बातमी "बंदी" अशी गेली, दाव्यांचा पूर आला आणि १९९५ ला डाऊ कॉर्निंगने दिवाळखोरी जाहीर केली. विदा, म्हणजे डेटा, आला त्यानंतर. १९९९ च्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालात म्हटलंय की सिलिकॉनमुळे संधिवात, ल्युपससारखे सर्वांगाचे आजार होतात असा पुरावा सापडत नाही. मात्र त्याच अहवालात हेही आहे की जागच्या जागी होणारी दुखणी, म्हणजे फुटणं, आवळणं, जंतुसंसर्ग, पुन्हा ऑपरेशन, ही खरी आहेत आणि भरपूर आहेत. पहिलं वाक्य कंपन्यांनी उचललं, दुसरं कुणीच नाही.

अवांतर : फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीचं प्रकरण जालावर सगळ्या इम्प्लांटच्या नावाने खपवतात. ती सरळ लबाडी होती. मालक झ्याँ-क्लोद मास औद्योगिक दर्जाचं स्वस्त सिलिकॉन भरायचा आणि तपासनीसांपासून लपवायचा. २०१० च्या मार्चमध्ये माल बंद झाला, तोवर जगभरातल्या साधारण तीन लाख बायकांच्या शरीरात तो गेला होता. २०१३ ला त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. ती इम्प्लांटं फुटायची प्रमाणाबाहेर. यातून घ्यायचं ते एवढंच की आपल्या शरीरात कुठल्या कंपनीचं, कुठल्या लॉटचं काय गेलंय ते आपल्याला माहीत पाहिजे.

कोरडा_पाऊस

+१. कानांचा किस्सा माहीत नव्हता.

रातराणी

तिरपागडा, धन्यवाद. "जागच्या जागी होणारी दुखणी भरपूर" यावर कुणी बोलेल का? सर्जननी त्यातलं "क्वचित इन्फेक्शन होतं" एवढंच सांगितलं.

सोनोबाई

मी रेडिओलॉजिस्ट आहे. इम्प्लांट घालत नाही, घातलेली बघते. त्यामुळे माझ्याकडे येतात त्या बहुतेक काहीतरी बिघडलेल्याच, हा पूर्वग्रह धरून वाचा.

शरीराला बाहेरची वस्तू मिळाली की ते तिच्याभोवती स्वतःचं वेष्टण विणतं. हे प्रत्येकीत होतं, तो बिघाड नव्हे. काहींमध्ये हे वेष्टण आवळत जातं. त्याच्या चार पायऱ्या आहेत, बेकर नावाने. पहिलीत हाताला काहीच कळत नाही, तिसरीत कडक लागतं आणि आकार बदललेला डोळ्यांना दिसतो, चौथीत दुखतंही. पुढे पुन्हा ऑपरेशन होण्याचं हे एक मोठं कारण. रेडिएशन घेतलेल्या छातीत हे फारच जास्त होतं. रातराणी, बहिणीला रेडिएशन लागलं नाही ही तिच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. सिगरेट आणि ताब्यात नसलेला मधुमेह असेल तर जखम भरण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, पण ते तुम्हाला सांगितलं असेलच.

दुसरं, फुटणं. सलाइनचं इम्प्लांट फुटलं की बाईला स्वतःलाच कळतं, पाणी शरीरात शोषलं जातं आणि ती बाजू बसते. सिलिकॉनचं फुटलं तर बहुतेकदा काहीच कळत नाही. जेल घट्ट असतं, आणि वेष्टण त्याला धरून ठेवतं. वरून आकार तोच, हाताला तेच. मी पडद्यावर बघते तेव्हा इम्प्लांटच्या आत एकाखाली एक जिन्यासारख्या रेषा दिसतात, कवच कोसळून आत पडलेलं असतं. जेल वेष्टणाबाहेर गेलं असेल तर सोनोग्राफीत तिथे पांढरं धुकं उतरल्यासारखं दिसतं, मागचं काही दिसेनासं होतं. काखेतल्या गाठींत ते धुकं दिसलं की बाई घाबरते, कॅन्सर पसरला वाटतं. बहुतेक वेळा ते नुसतं सिलिकॉन असतं. पण तुमच्या बहिणीसारख्या, कॅन्सर होऊन गेलेल्या बाईत "बहुतेक" म्हणून सोडता येत नाही, तपासावं लागतं.

म्हणून एफडीएचा सध्याचा सल्ला : सिलिकॉनचं इम्प्लांट असेल तर काहीही त्रास नसताना पाच ते सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. हे किती जणी करतात? माझ्या अनुभवात फार थोड्या. ऑपरेशनच्या दिवशी सांगितलेलं सहा वर्षांनी कुणाच्या लक्षात राहतं?

आकडा मागितलात म्हणून सांगते. एफडीएने २०११ साली त्यांच्याकडच्या माहितीवरून लिहिलं की दहा वर्षांच्या आत आकार वाढवण्यासाठी घातलेल्यांपैकी पाचात एकीचं, आणि पुनर्रचनेसाठी घातलेल्यांपैकी दोघींत एकीचं इम्प्लांट काढावं लागू शकतं. दोघींत एकीचं, पुन्हा वाचा. यात नुसता आकार आवडला नाही म्हणून बदललेलीही आली. पण ही आयुष्यभराची वस्तू नाही, हे एफडीए आता चौकटीतल्या ठळक इशाऱ्यात छापायला लावते. "सुरक्षित आहे का" याऐवजी "हे कधी ना कधी काढायचंय, त्याची माझी तयारी आहे का" असं विचारलं तर निर्णय जास्त नीट होतो असं मला वाटतं.

घारी

सोनोबाई, वाचून पोटात गोळा आला. मी ती "त्रास नसताना न जाणारी".

मला घालून १२ वर्षं झाली. कॅन्सर वगैरे काही नाही, दोन बाळंतपणांनंतर घातलं, हौस म्हणा. नवऱ्यासाठी नाही, आरशासाठी. कुणाला सांगितलं नव्हतं, इथे पहिल्यांदा लिहितेय. पहिली दहा वर्षं विसरूनच गेले होते. गेल्या वर्षापासून डावी बाजू उजवीपेक्षा घट्ट लागते. पालथं झोपलं की डाव्या बाजूखाली काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं. दुखत नाही. म्हणून गेले नाही.

खरी गंमत पुढे आहे. माझ्याकडे कार्डच नाही. एक छोटं कार्ड दिलं होतं बहुतेक, दोन घरं बदलली, कुठे गेलं देव जाणे. जिथे ऑपरेशन झालं तिथे फोन केला तर "एवढे जुने कागद आम्ही ठेवत नाही" म्हणाले. सर्जन निवृत्त. म्हणजे माझ्या छातीत काय आहे हे या घडीला जगात कुणालाच माहीत नाही. इम्प्लांटचं कवच खडबडीत की गुळगुळीत यावर काहीतरी अवलंबून असतं ना? कुठेतरी कॅन्सरचं वाचलं होतं आणि पान बंद केलं होतं.

सोनोबाई

घारी, तू लिहिलंस ते बरं केलंस. आता पान बंद करू नकोस.

तू वाचलेलं ते बीआयए-एएलसीएल. हा स्तनाचा कॅन्सर नाही. इम्प्लांटभोवतीच्या वेष्टणात होणारा लिम्फोमा आहे, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. एफडीएने याचा संबंध पहिल्यांदा २०११ ला बोलून दाखवला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ ला त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली. ज्या रुग्णांत पृष्ठभागाची नोंद आहे त्यांत जवळजवळ सगळीकडे खडबडीत इम्प्लांटचा इतिहास सापडतो. खडबडीत करण्यामागे हेतू चांगला होता : इम्प्लांट जागचं हलू नये, वेष्टण कमी आवळावं. २०१९ च्या जुलैपर्यंत एफडीएकडे जगभरातून ५७३ रुग्णांची नोंद होती, ३३ मृत्यू. ५७३ पैकी ४८१ जणींची इम्प्लांटं एकाच कंपनीची, अ‍ॅलरगनची. तेव्हा त्यांचा बायोसेल हा खडबडीत प्रकार जगभरातून मागे घेतला गेला. रातराणी, त्यात एक्स्पांडरही होते. त्यामुळे फक्त इम्प्लांटचा नाही, एक्स्पांडरचाही पृष्ठभाग विचारा.

किती दुर्मीळ? नेदरलँड्समध्ये २०१८ साली देशभरच्या नोंदी तपासल्या. इम्प्लांट असलेल्या बायकांत पन्नाशीपर्यंत हा आजार होण्याचा हिशेब निघाला ३५,००० मध्ये एक, पंचाहत्तरीपर्यंत ७,००० मध्ये एक. काही विशिष्ट खडबडीत प्रकारांत धोका याहून जास्त आहे.

आता ओळखायचं कसं. घालून वर्षं लोटल्यावर, साधारण आठ-दहा वर्षांनी, एक बाजू अचानक मोठी होते. पाणी साठतं. क्वचित गाठ लागते. ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत पाणी साठणं वेगळं, ते नेहमीचं आहे. उशिरा आलेलं पाणी नुसतं सुईने काढून फेकायचं नसतं, ते तपासायला पाठवायचं आणि सीडी-३० ही चाचणी मागायची. नुसतं "जंतू नाहीत" असा रिपोर्ट आला तर काम झालेलं नाही. वेळेत सापडलं आणि वेष्टणातच असलं तर इम्प्लांट आणि अख्खं वेष्टण काढून बहुतेक जणी बऱ्या होतात.

आणि हे जाड अक्षरात समज : काही त्रास नसेल तर निव्वळ भीतीपोटी खडबडीत इम्प्लांट काढून टाका, असं एफडीए सांगत नाही. मागे घेतलेल्या प्रकारासाठीसुद्धा नाही. तुझं जे वर्णन आहे, हळूहळू घट्ट होत जाणारं, ते आवळण्याचं वाटतं. पण न बघता मी बोलणार नाही. सोनोग्राफी करून घे, या महिन्यात. पृष्ठभाग कधीकधी सोनोग्राफीतही ओळखता येतो, पण पैज लावण्याइतकं नाही. डिस्चार्जचे कागद शोध. कार्ड हरवलं तरी ऑपरेशनच्या नोंदीवर खोक्यातलं चिकटपत्र लावलेलं असतं.

शंकासुर

सोनोबाई, तुमचे प्रतिसाद वाचून माझी बोलती अर्धी बंद झाली. उरलेली अर्धी अशी : २००६ ला आणि नंतरही परवानग्या देताना कंपन्यांना अट होती की हजारो बायकांचा दहा वर्षं मागोवा घ्या. मार्च २०१९ मध्ये एफडीएने दोन कंपन्यांना ताकीदपत्रं धाडली, कारण अभ्यासातल्या बायकांचा पाठपुरावा अटीइतका झालाच नव्हता. मग "दीर्घकाळ सुरक्षित" हे कुणाच्या जोरावर म्हणायचं? बाई परत आली नाही म्हणजे ती ठणठणीत आहे, असं गृहीत धरलंय का?

सोनोबाई

हा मुद्दा मान्य. घारीच बघा ना, बारा वर्षं कुठल्याच आकड्यात नाही. म्हणूनच मी नेदरलँड्सचं उदाहरण दिलं. तिथे देशभरच्या पॅथॉलॉजीच्या नोंदी होत्या, बाईने परत येण्यावर हिशेब अवलंबून नव्हता.

कवडसा

मी काढून टाकलेली. तीन वर्षं झाली.

घातल्यावर दुसऱ्या वर्षापासून थकवा, सांधे धरणं, केस गळणं, आणि डोक्यात कापूस भरल्यासारखं. बोलताना मध्येच शब्द सापडायचा नाही. रक्ताच्या सगळ्या चाचण्या नीट. एका डॉक्टरांनी "ताण कमी घ्या", दुसऱ्यांनी गोळी लिहून दिली, ती झोपेची होती. काढल्यावर चार महिन्यांत सांधे सुटले. थकवा अर्धा गेला. केस तेवढे परत आले नाहीत. मला माहितीये की तिरपागडा म्हणाले तसं १९९९ च्या अहवालात काही सापडलं नव्हतं. पण माझ्या शरीराने तो अहवाल वाचला नव्हता.

"विष आहे" असं मी म्हणणार नाही. पण "सगळं मनाचं आहे" असं कुणी म्हणालं तर आजही डोकं फिरतं.

तिरपागडा

कवडसा, तुमचं शेवटचं वाक्य रास्त आहे. भर एवढीच की एफडीएने २०२१ च्या ऑक्टोबरपासून जो ठळक इशारा बंधनकारक केलाय त्यात हे आलंय : सांधेदुखी, स्नायू दुखणं, गोंधळल्यासारखं होणं, सततचा थकवा अशा तक्रारी बायकांनी नोंदवल्यात, कुणाला होईल हे सांगता येत नाही, आणि काढल्यावर काहींना पूर्ण बरं वाटतं. रोगाचं नाव नाही, चाचणी नाही, कारण ठरलेलं नाही, पण तक्रार कागदावर आली.

सोनोबाई

यात एक गोष्ट जोडते, कारण पुढच्या वाचणाऱ्या फसतील. जालावर "एन ब्लॉक"चं फॅड आहे : इम्प्लांट आणि वेष्टण न उघडता एकसंध काढा, नाहीतर बरं वाटणार नाही. लिम्फोमा असेल तर ते बरोबर आहे. पण कवडसासारख्या लक्षणांसाठी काढताना, वेष्टण पूर्ण काढलं की थोडं ठेवलं यावरून बरं वाटण्यात फरक पडलेला दिसलेला नाही. वेष्टण बरगड्यांना चिकटलेलं असतं. हट्टाने खरवडलं तर रक्तस्राव होतो, फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडू शकतं.

आणि वेष्टणाचा एक वेगळा, फार विरळा कॅन्सरही आहे, स्क्वेमस पेशींचा. एफडीएने सप्टेंबर २०२२ मध्ये सावध केलं, मार्च २०२३ पर्यंत १९ रुग्ण माहीत होते. हा गुळगुळीत इम्प्लांटमध्येही दिसलाय. म्हणून "माझं गुळगुळीत आहे, मला काय" असं नाही. सूज, दुखणं, गाठ, कातडीतला बदल, काहीही नवीन आलं की दाखवायचं.

आडवाटेची

रातराणी, इम्प्लांट किंवा काहीच नाही, असे दोनच रस्ते नसतात. माझं पोटाच्या खालच्या भागातली कातडी आणि चरबी रक्तवाहिन्यांसकट उचलून छातीवर बसवलंय. डीआयईपी म्हणतात. ऑपरेशन लांबलचक, पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण, पहिले पंधरा दिवस कंबरेत वाकून चालत होते. पण ते माझं स्वतःचं आहे, मी जाड झाले की तेही जाड होतं. बदलायला लागणार नाही. माझी जाऊ मात्र सपाटच राहिली, आणि मस्त आहे. सर्जनने या सगळ्याचं नाव तरी काढलं का?

रातराणी

मंडळी, कालच्या भेटीचा वृत्तांत.

पोटाचं विचारलं. तिच्या पोटावर उचलण्यासारखं काही नाही, ते बघूनच सर्जन हसले. पाठीचा स्नायू घेता येतो, पण ती पोहते, तिला खांदा हवाय. सपाट राहण्याचं तिने स्वतःच मोडीत काढलं.

मग मी तुमचे प्रतिसाद उतरवलेली वही काढली. सर्जनच्या कपाळावर आधी आठी. पण दुसऱ्या प्रश्नाला ते खुर्चीत पुढे सरकले. टेबलाच्या खणातून नमुन्याचं इम्प्लांट काढलं, मधोमध कापलेलं. बहिणीने कापलेल्या बाजूला अंगठा दाबला. जेल दबलं, फुगून कडेपर्यंत आलं आणि अंगठा काढल्यावर परत आत गेलं. ओघळलं नाही. १९७० च्या दशकातलं आणि आताचं यातला फरक हाच, म्हणाले. कवच जाड, जेल एकसंध. बहिणीने विचारलं, "मग फुटलं तर मला कळणार कसं?" ते म्हणाले, "नाही कळणार. तोच तोटा."

पृष्ठभाग : दोन्ही गुळगुळीत, एक्स्पांडरही. गुळगुळीत थोडं हलतं, गोल आकाराचंच घ्यावं लागेल, चालेल का? चालेल. स्नायूच्या वर बसवणार, म्हणजे पोहताना छाती आवळली की इम्प्लांट उडी मारणार नाही. पण वर बसवलं तर कडेच्या सुरकुत्या कातडीतून दिसू शकतात, आणि तिची कातडी पातळ आहे. हे त्यांनी आपणहून सांगितलं. आवळण्याचं, दहा वर्षांत पुन्हा ऑपरेशनचं विचारलं तर म्हणाले, "माझ्या पुनर्रचनेच्या पेशंटांत तिघींत एक परत येते असं धरा." मला तो "क्वचित" ऐकण्यापेक्षा बरा वाटला.

एक शंका राहिलीच. दुसऱ्या बाजूच्या मॅमोग्राफीचं काय? आणि या बाजूला कॅन्सर परत आला तर इम्प्लांटमागे लपेल का?

सोनोबाई

वही काढलीत ते झकास.

दुसरा स्तन तसाच आहे ना, मग त्याची मॅमोग्राफी नेहमीसारखी. त्या बाजूलाही इम्प्लांट घातलं तर तंत्रज्ञाला *आधी* सांगायचं. इम्प्लांट मागे सारून ऊती पुढे ओढून जादा फोटो घ्यावे लागतात, तरी काही भाग झाकला जातोच. काढलेल्या बाजूला कॅन्सर परत आला तर तो बहुतेक वेळा कातडीच्या लगेच खाली येतो, म्हणजे इम्प्लांटच्या पुढे, आणि हाताला लागतो. महिन्यातून एकदा बोटांनी चाचपायची सवय मोडू नका.

घारी, गेलीस का?

घारी

गेले. आणि कार्ड नाही, पण चिकटपत्र सापडलं! धाकट्या मुलाच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये माझा डिस्चार्जचा कागद खुपसलेला होता. कडेला दोन बारकी पांढरी चिकटपत्रं, डावं-उजवं. एकाचा सिरियल नंबर अर्धा पुसलाय. २७५ सीसी. आणि शब्द आहे : टेक्स्चर्ड, म्हणजे खडबडीत. कंपनी वेगळी, मागे घेतलेल्या यादीतली नाही, मी तीनदा ताडून पाहिलं.

सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाईंना कागद दाखवला तर म्हणाल्या, "हा कागद घेऊन येणाऱ्या तुम्ही पहिल्याच." रिपोर्ट : दोन्ही शाबूत, भोवती पाणी नाही, काखेत गाठी नाहीत. डाव्या वेष्टणाची जाडी वाढलीये, बेकर तीनकडे झुकतंय. काढायचं, बदलायचं की बघत राहायचं, हे पुढच्या आठवड्यात सर्जनकडे.

नवऱ्याला पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं. तो म्हणाला, कागदाचा फोटो मला पाठवून ठेव.

कवडसा

घारी, "बघत राहायचं" निघालं तर तारीख आजच लिहून ठेव. काढायचं निघालं तर व्यनि (खाजगी निरोप) कर, भूल उतरल्यावर काय होतं ते कुणी सांगत नाही.

रातराणी

बहिणीचं एक्स्पांडर आज सकाळी बसलं. दोन नळ्या आहेत, झोपलीये. नर्सने फाइलवर चिकटपत्र लावलं, तेव्हा मी खोक्यातलं दुसरं मागून घेतलं. तिने विचारलं, "याचं तुम्ही काय करणार?" मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर डकवलं आणि खाली तारीख टाकली.